एडिटर नेमका कुठे अडकला? इमॅक्समधली रिकर्शनची एरर, सोप्या भाषेत

फाइल उघडायला जावं आणि इमॅक्सच्या, म्हणजे मजकूर आणि कोड लिहायच्या एका एडिटरच्या, तळच्या ओळीत एक इंग्रजी वाक्य यावं: ‘लिस्प नेस्टिंग एक्सीड्स मॅक्स-लिस्प-इव्हॅल-डेप्थ’, आणि पुढे १६०१ हा आकडा. कामात काम, त्यात आणखी काम, असं इतकं खोल गेलं की ठरलेली हद्द ओलांडली, एवढाच त्याचा अर्थ. कोणतं काम, ते कुणी सुरू केलं, चुकलं कुठे, यातलं काहीच त्या वाक्यात नसतं. नवख्या माणसाने घाबरावं यात नवल नाही.

इंदूरमध्ये इंजिनिअरिंग शिकणारी, सुपर कॉरिडॉरवरच्या टीसीएस-इन्फोसिसकडे डोळे लावून असलेली मुलं घरच्या लॅपटॉपवर लिनक्स घालतात, इमॅक्स किंवा विम नावाचा दुसरा एडिटर घेतात आणि कॉन्फिगच्या, म्हणजे एडिटरने कसं वागावं ते सांगणाऱ्या, ओळी इंटरनेटवरून, हल्ली चॅटबॉटकडूनही, उचलून आपल्या फाइलीत चिकटवतात. एकेकटी ओळ बरोबरच असते. दोन-चार एकत्र आल्या की घोटाळा होतो. मग कुणीतरी सल्ला देतं: ती हद्द वाढव, १६०० चे १०,००० कर. बहुतेक वेळा हा सल्ला चुकीचा असतो. तो का चुकीचा, हे कळलं की एरर शोधायची रीतही त्यातूनच कळते.

कॉन्फिग म्हणजे नुसती सेटिंग नव्हे

व्हीएस कोड या एडिटरची सेटिंगची फाइल उघडून पाहिली तर तिथे नुसत्या जोड्या दिसतात: अक्षराचा आकार इतका, रंग अमुक. ती माहिती आहे. माहिती स्वतःहून काही करत नाही, त्यामुळे ती अडकतही नाही.

इमॅक्सची गोष्ट वेगळी. त्याची कॉन्फिग फाइल, जिला इनिट फाइल म्हणतात, हा एक पूर्ण प्रोग्रॅम असतो. तो इमॅक्स लिस्प नावाच्या भाषेत लिहिलेला असतो आणि इमॅक्सचा बराचसा भागही त्याच भाषेत आहे. मूळ लिस्प ही जॉन मॅकार्थींनी १९५८ साली एमआयटीत सुरू केलेली भाषा. म्हणजे तुम्ही इनिट फाइलीत ओळ लिहिता तेव्हा चालत्या यंत्रात एक नवा भाग बसवत असता. इमॅक्सची सगळी ताकद इथून येते आणि हा धोकाही इथूनच येतो.

रिकर्शन आणि स्टॅक

प्रोग्रॅममधल्या एका नावाच्या कामाला फंक्शन म्हणतात. एका फंक्शनने दुसऱ्याला बोलावणं हे रोजचंच. पण फंक्शनने सरळ किंवा फिरून स्वतःलाच बोलावलं तर ते रिकर्शन. रिकर्शन ही चूक नाही. फोल्डरच्या आत फोल्डर, त्याच्या आत फोल्डर, असं सगळं धुंडाळायचं असेल तर ‘हा फोल्डर पाहा, आत फोल्डर दिसला तर त्याच्यासाठी हेच काम पुन्हा कर’ हीच सरळ वाट. अट एकच: कुठेतरी थांबायला हवं. आतला शेवटचा फोल्डर संपला की काम परतीला लागतं.

आता एमटी क्लॉथ मार्केटमधल्या एखाद्या जुन्या पेढीवरच्या मुनीमजींची कल्पना करा. ते बिल करत आहेत आणि मध्येच भाव विचारायची गरज पडली. हातातलं काम कुठवर आलं ते एका चिठ्ठीवर लिहून ते समोरच्या तारेला टोचतात आणि भावाच्या मागे लागतात. भावासाठी जुनी वही हवी, म्हणून दुसरी चिठ्ठी. वही सापडली की वरची चिठ्ठी काढायची, ते काम पुरं करायचं, मग तिच्याखालची. सगळ्यात शेवटी टोचलेली चिठ्ठी सगळ्यात आधी निघते. कॉम्प्युटरमध्ये या तारेला स्टॅक म्हणतात.

समजा, बिलाच्या नियमातच लिहिलंय की ‘भाव ठरवायला आधी बिल करा’, आणि बिलासाठी तर भाव हवाच. मुनीमजी एक चिठ्ठी टोचतील, दुसरी टोचतील, पुन्हा पहिल्यासारखीच तिसरी. एकही चिठ्ठी निघणार नाही. तार भरत जाईल. म्हणून मालकाने सांगून ठेवलंय: अमुक इतक्या चिठ्ठ्या झाल्या की हात थांबवा आणि मला हाक मारा. इमॅक्समधला मॅक्स-लिस्प-इव्हॅल-डेप्थ म्हणजे मालकाचा हा आकडा. नव्या आवृत्त्यांत तो १६०० आहे, काही वर्षांपूर्वी ८०० होता. १६०१ वी चिठ्ठी टोचायची वेळ आली की ती एरर येते.

पायथन शिकलेल्यांनी हेच दुसऱ्या नावाने पाहिलेलं असतं. तिथली ‘रिकर्शन एरर’ नेहमीच्या मांडणीत १००० वर येते.

डोळ्यांना न दिसणारा फेरा

स्वतःला सरळ बोलावणारं फंक्शन चटकन दिसतं. लोक अडकतात ते फिरून आलेल्या फेऱ्यात. एक नेमकं उदाहरण सविस्तर पाहू.

रामबागेतली एक मुलगी आजोबांच्या हस्तलिखित आठवणी टाइप करून ठेवते आहे असं धरू. फाइली साध्या टेक्स्टच्या आहेत. तिला दोन गोष्टी हव्यात: फाइल उघडताच ऑर्ग-मोड लागावा, म्हणजे प्रकरणं आणि मथळे नीट मांडता येतील, आणि देवनागरी इनस्क्रिप्ट कीबोर्ड आपोआप सुरू व्हावा. (इमॅक्समध्ये तो आधीपासून असतो, वेगळं काही बसवावं लागत नाही.)

मोड म्हणजे त्या प्रकारच्या मजकुरासाठी इमॅक्सने धारण केलेली वागणूक. हुक म्हणजे ‘हे घडलं की हेही कर’ अशा कामांची यादी. साध्या टेक्स्टच्या फाइलींना टेक्स्ट-मोड लागतो, म्हणून तिने त्या टेक्स्ट-मोडच्या हुकात आपलं एक छोटं फंक्शन अडकवलं. त्यात दोनच ओळी: आधी ऑर्ग-मोड सुरू कर, मग देवनागरी कीबोर्ड लाव. वाचायला अगदी निर्दोष. फाइल उघडली आणि एरर.

का? ऑर्ग-मोड हा आउटलाइन-मोडवर उभा आहे आणि आउटलाइन-मोड टेक्स्ट-मोडवर. इमॅक्सचा नियम असा, की एखादा मोड सुरू झाला की तो ज्यांच्यावर उभा आहे त्यांचेही हुक चालतात. त्यामुळे ऑर्ग-मोड सुरू होताच टेक्स्ट-मोडचा हुक चालतो. त्या हुकात तिचं फंक्शन आहे, ते पुन्हा ऑर्ग-मोड सुरू करतं, तो पुन्हा टेक्स्ट-मोडचा हुक चालवतो. फेरा पूर्ण झाला. त्याचा अर्धा भाग तिच्या फाइलीत आहे आणि अर्धा इमॅक्सच्या पोटात. स्वतःची इनिट फाइल कितीही वेळा वाचली तरी तो पूर्ण दिसणार नाही. म्हणूनच ‘माझ्या ओळी तर बरोबर आहेत’ हे तिचं म्हणणं खरं असतं आणि तरीही इमॅक्स अडकतो.

‘अगं, मराठी टायपिंगमुळेच बिघडलं असणार’

घरात कुणीतरी हे म्हणतंच, आणि मला त्याचा फार त्रास होतो. एररनंतर कीबोर्ड इंग्रजीच राहिलेला दिसतो, म्हणून संशय देवनागरीवर जातो आणि माणसं मराठी टाइप करणंच सोडून देतात.

खरं काय झालं ते पाहा. तिच्या फंक्शनची पहिली ओळ ऑर्ग-मोडची आणि दुसरी कीबोर्डची. पहिलं काम संपेल तेव्हा दुसऱ्या ओळीची पाळी. पहिलं संपलंच नाही. तारेवरच्या तिच्या प्रत्येक चिठ्ठीवर ‘राहिलेलं काम: देवनागरी कीबोर्ड लावणे’ असं लिहिलेलं होतं, आणि त्यातली एकही निघाली नाही. देवनागरीची ओळ एकदासुद्धा चाललेली नाही, तर ती बिघडवेल काय? जे सुरू झालं नाही त्याच्यावर संशय घेण्याआधी त्याच्या अगोदरच्या ओळीकडे बघावं.

आजोबांचा मजकूरही सुरक्षित आहे. ही एरर मोड लावताना आली, फाइलीत काही लिहिताना नाही.

शोध कसा घ्यायचा

पहिला प्रश्न: दोष माझ्या कॉन्फिगमध्ये आहे की इमॅक्समध्ये? टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, इमॅक्सच्या नावापुढे उणे चिन्ह आणि मोठ्या लिपीतला (कॅपिटल) क्यू देऊन तो सुरू करा. असा इमॅक्स तुमची इनिट फाइल वाचतच नाही. तीच फाइल उघडा. एरर गेली तर दोष आपल्या कॉन्फिगमध्ये किंवा आपण बसवलेल्या एखाद्या पॅकेजमध्ये, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या तयार जोडकोडमध्ये, आहे हे नक्की झालं.

दुसरी पायरी बॅकट्रेस मिळवण्याची. बॅकट्रेस म्हणजे एरर आली त्या क्षणी तारेवर असलेल्या सगळ्या चिठ्ठ्यांची यादी. इमॅक्स सुरू होतानाच एरर येत असेल तर नावापुढे दोन उणे चिन्हं देऊन डीबग-इनिट लिहा. नंतर येत असेल तर ऑल्ट आणि एक्स दाबून टॉगल-डीबग-ऑन-एरर ही आज्ञा द्या, ती फाइल बंद करून पुन्हा उघडा. वेगळ्या खिडकीत लांबलचक यादी येईल. (हद्द संपलेली असताना ही यादी दाखवायलाही जागा लागते, इमॅक्स त्यासाठी हद्द तेवढ्यापुरती स्वतःच वाढवून घेतो.)

यादी वाचताना बहुतेकांची गल्लत होते. सगळ्यात वर जे नाव दिसतं त्याला ते गुन्हेगार धरतात. ते नाव फक्त एवढं सांगतं की हद्द संपली तेव्हा पाळी याची होती. आज ते ऑर्गमधलं एखादं बारीक फंक्शन असेल, फेऱ्यात एखादी ओळ कमी-जास्त झाली की दुसरंच कुणी असेल. त्याच्या मागे लागून दिवस वाया जातो.

त्याऐवजी यादीच्या तळाशी जा आणि वर वर वाचत या. तळाशी साधी सुरुवात दिसेल: फाइल उघडा अशी आज्ञा, मग कोणता मोड लावायचा ते ठरवणं, मग टेक्स्ट-मोड. थोडं वर गेलं की नावांचा एक गट येईल आणि तोच गट पुन्हा पुन्हा येत राहील. आपल्या उदाहरणात तो असा: तिचं फंक्शन, ऑर्ग-मोड, रन-मोड-हुक्स, रन-हुक्स, पुन्हा तिचं फंक्शन. रन-हुक्सच्या ओळीतच कंसात टेक्स्ट-मोड-हुक, आउटलाइन-मोड-हुक आणि ऑर्ग-मोड-हुक ही नावं ओळीने लिहिलेली असतात. इनिट फाइलीत न दिसणारा अर्धा फेरा इथे छापून मिळतो. पुन्हा येणारा गट सापडला की त्यात आपण लिहिलेलं नाव कोणतं एवढंच पाहायचं.

याचसाठी हुकात अडकवलेल्या फंक्शनला नाव द्यावं, आणि त्याला स्वतःची ओळखीची आडनावासारखी सुरुवात असावी. बिननावाचं फंक्शनही चालतं, पण मग बॅकट्रेसमध्ये नावाच्या जागी कोडचा गठ्ठा छापला जातो आणि डोळा तिथे ठरत नाही.

बॅकट्रेसमधून काही उमगलंच नाही तर अर्ध्याअर्ध्याने शोधा. इनिट फाइलीचा अर्धा भाग तात्पुरता बंद करा. एरर राहिली तर दोष उरलेल्या अर्ध्यात, गेली तर बंद केलेल्यात. मग त्याचं अर्धं. १००० ओळींची फाइल असली तरी दहा फेऱ्यांत एका ओळीपर्यंत पोचता येतं. इमॅक्स २९ पासून कॉन्फिगचा वेगळा फोल्डर देऊन इमॅक्स सुरू करता येतो, त्यामुळे ही तपासणी मूळ फाइलीला हात न लावता तिच्या नकलेवर करता येते. मी तरी नक्कलच वापरायला सांगेन.

मग दुरुस्ती काय?

तिला जे हवं होतं ते हुकाचं काम नव्हतंच. कोणत्या नावाच्या फाइलीला कोणता मोड, याची इमॅक्सकडे स्वतंत्र यादी असते, ऑटो-मोड-अलिस्ट नावाची. आठवणींच्या फाइलींसाठी ऑर्ग-मोड तिथे नोंदवायचा. देवनागरी कीबोर्डची ओळ ऑर्ग-मोडच्या हुकात ठेवायची. ती मोड बदलत नाही, म्हणून फेरा होत नाही.

एक गोष्ट इथे हमखास फसवते. चूक सापडली, ओळ पुसली, फाइल जपून ठेवली (सेव्ह केली) आणि तरी एरर येतच राहिली. कारण चालू असलेल्या इमॅक्सच्या हुकात जुनं फंक्शन अजून अडकलेलंच असतं. फाइलीतून ओळ पुसल्याने ते निघत नाही. इमॅक्स बंद करून पुन्हा उघडा आणि मगच निकाल ठरवा.

‘पण हद्द वाढवली तर चालत नाही का?’

ज्या फेऱ्याला शेवट नाही त्याला १६०० कमी पडतात तसेच १०,००० ही कमी पडतील. एरर थोडी उशिरा येईल, एवढाच फरक. हद्द खूपच वाढवली तर वाईट घडतं: इमॅक्सच्या हिशेबाआधी कॉम्प्युटरने त्या प्रोग्रॅमला दिलेली खरी स्टॅकची जागा संपते आणि इमॅक्स एरर न देता बंद पडू शकतो. दुसऱ्या खिडकीत न जपलेला मजकूर असेल तर तो धोक्यात. ती हद्द तुमच्या मजकुराचं रक्षण करायलाच आहे.

हद्द वाढवणं योग्य ठरतं असे प्रसंगही आहेत. खरोखरच खूप खोल रचलेली माहिती, जिचा शेवट आहे पण १६०० पायऱ्यांच्या पलीकडे. ओळखायचं कसं? बॅकट्रेसमध्ये तोच गट येत असेल, पण दर वेळी त्याला दिलेली माहिती लहान होत असेल, तर काम पुढे सरकतंय. माहिती तीच राहत असेल तर फेरा आहे. पहिल्या प्रकारातही हद्द त्या एका कामापुरतीच वाढवावी, कायमची नको.

जुन्या लेखांत मॅक्स-स्पेकपीडीएल-साइझ नावाची आणखी एक हद्द वाढवायला सांगितलेली दिसेल. २०२३ साली आलेल्या इमॅक्स २९ पासून ती कालबाह्य ठरवली आहे. ती ओळ नव्याने चिकटवू नका.

‘एवढ्या हुशार यंत्राला फेरा स्वतःहून कळत नाही?’

अगदी रास्त प्रश्न. अॅलन ट्युरिंग यांनी १९३६ सालीच सिद्ध केलं, की कोणताही प्रोग्रॅम दिला तरी तो कधीतरी थांबेल की नाही हे दर वेळी अचूक सांगणारी एकच पद्धत असू शकत नाही. म्हणून अनेक भाषा शेवटी आकड्याचाच आधार घेतात: इतक्या पायऱ्या झाल्या, आता थांबा.

पण काही फेरे ओळखायला सोपे असतात, आणि ते इमॅक्स लगेच पकडतो. एखादी फाइल वाचता वाचता तीच फाइल पुन्हा वाचायची आज्ञा मिळत गेली तर तो १६०० ची वाट पाहत नाही. चार-पाच वेळातच ‘रिकर्सिव्ह लोड’ असं सांगून थांबतो आणि फाइलींची नावंही दाखवतो. हे बहुतेकदा कस्टम-फाइलमुळे होतं. मेनूतून बदललेली सेटिंग इमॅक्स ज्या फाइलीत लिहितो ती कस्टम-फाइल. कुणी ती इनिट फाइलच आहे असं ठरवतं आणि इनिट फाइलीतच पुढे लिहितं, ‘आता कस्टम-फाइल वाच’. म्हणजे इनिट फाइल स्वतःलाच वाचायला बसली. कस्टम-फाइलला वेगळं नाव दिलं की प्रश्न मिटतो.

असे फेरे आणखी कुठे कुठे

जपण्याच्या आज्ञेचं, सेव्ह-बफरचं, नाव आपल्याच फंक्शनला देणं आणि आत शेवटी सेव्ह-बफरलाच बोलावणं. मूळचं फंक्शन आता उरलेलंच नाही, त्या नावाने आपलंच येतं. वेगळं नाव द्या.

‘शेवटचा बदल अमुक तारखेला’ ही ओळ आपोआप बदलावी म्हणून आफ्टर-सेव्ह-हुकात तारीख बदलून फाइल पुन्हा जपणं. जपली की हुक, हुकात बदल, बदल म्हणून पुन्हा जपणं. तेच काम बिफोर-सेव्ह-हुकात ठेवलं तर वेगळं जपावंच लागत नाही.

मेसेज या फंक्शनला अॅडव्हाइस जोडणं, म्हणजे त्याच्याभोवती आपलं काम गुंडाळणं, आणि त्या कामात स्वतः मेसेज वापरणं. हा फेरा फार छळतो, कारण इमॅक्समधली जवळजवळ प्रत्येक गोष्ट काहीतरी मेसेज देत असते.

विम वापरत असाल तर

तिथे हा दोष बहुतेकदा कळींच्या जोडणीत सापडतो. पुष्कळजण कोलन आणि सेमीकोलन या कळींची अदलाबदल करतात. ती एनमॅप या आज्ञेने केली तर सेमीकोलनचं कोलन होतं, त्या कोलनचं पुन्हा सेमीकोलन, आणि विम ई-२२३ क्रमांकाची ‘रिकर्सिव्ह मॅपिंग’ एरर देतो. तिथली हद्द मॅक्समॅपडेप्थ, नेहमीची किंमत १०००. उपाय म्हणजे एनमॅपऐवजी एननोरमॅप, जो उजवीकडची कळ पुन्हा बदलत नाही. विमवरूनच निघालेल्या निओविमच्या कीमॅप-सेट या नव्या आज्ञेत न बदलणं हीच मूळ वागणूक आहे, आणि माझ्या मते तसंच असायला हवं होतं.

‘मग साधा एडिटरच बरा नाही का?’

नुसतं पत्र लिहायचं असेल तर नक्कीच. पण जिला आजोबांच्या आठवणी वर्षानुवर्षं जपायच्या आहेत, मराठी आणि इंग्रजी एकाच फाइलीत हवंय, जी स्वतःची पद्धत स्वतः घडवू पाहते आहे, तिने एका एररमुळे मागे फिरू नये असं मला मनापासून वाटतं. ती एरर सोडवताना तिला स्टॅक समजतो, आणि कॉलेजात तोच विषय फळ्यावर आला की तिने तो चालताना पाहिलेला असतो.

फेरा आपला नसेल तर

कधी पुन्हा येणाऱ्या गटात आपलं एकही नाव नसतं; दोन पॅकेजं एकमेकांना बोलावत असतात. तेव्हा त्या पॅकेजच्या कर्त्याला कळवावं. संपूर्ण बॅकट्रेस पाठवू नका, त्यात तुमच्या फाइलींची नावं आणि कधीकधी मजकूरही असतो. तळाकडचा भाग आणि पुन्हा येणारा गट एकदा, एवढं पुरतं. सोबत इमॅक्सची आवृत्ती, पॅकेजची आवृत्ती आणि मोठ्या क्यूने सुरू केलेल्या कोऱ्या इमॅक्समध्ये एरर परत आणता येईल अशा कमीत कमी ओळी द्या. तोवर दोनपैकी एक पॅकेज बंद ठेवा आणि हद्दीचा आकडा होता तसाच राहू द्या.